बिदर की निपाणी

घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस माणसाला किती असावी, याचा नमुना कुणाला पाहायचा असेल तर त्यानं निकालानंतरच्या दिवसांत बेळगावच्या खासबागेत नाडगौडांच्या घरी जावं. वसुधाबाई नाडगौडा तिथल्याच एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवत. बारावीचा निकाल लागला की मास्तर माणसानं हातपाय पसरून झोपावं. पण बाईंचं खरं काम तिथून पुढं सुरू होई. पोरं येत, पोरांचे बाप येत, एखाद्याबरोबर मामा येई, एखाद्याबरोबर गल्लीतला कुणी रिटायर्ड क्लार्क. दारात चपलांचा ढीग पडे आणि आत बसलेल्या सगळ्यांचा प्रश्न एकच असे, बाई, ह्याला आता कुठं घालायचं? पोरगं म्हणजे जणू नवीन घेतलेलं कपाट.

बाई सांगत. सीईटीचा रँक काय, त्यावर काय मिळू शकतं, ऑनलाइन पर्याय कुठल्या क्रमानं भरायचे, ग्रामीण भागाचा दाखला कुठून आणायचा, पलीकडं महाराष्ट्रात सीमाभागाच्या जागा असतात त्यासाठी काय लागतं, हे सगळं घसा बसेपर्यंत सांगत. लोक माना डोलवत, चहा पीत आणि घरी जाऊन आपल्या पद्धतीनं ठरवत. कॉलेज निवडायची इकडची पद्धत फार सोपी आहे. कुठल्या गावात आपलं कोण राहतं ते बघायचं. कोल्हापुरात मावशी असली की पोरगी कोल्हापुरात शिकते, हुबळीत काका असला की हुबळीत. ज्यांचं कुठंच कुणी नाही त्यांच्या पोरी गावातून बसनं येजा करतात आणि जमेल ते शिकतात. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं काम बाई गेली वीस-बावीस वर्षं करत होत्या. आता गुडघे दुखत, डोळे चुरचुरत, आणि दारातली घंटा वाजली की उठू नये असं वाटे. तरी त्या उठून दार उघडत.

त्यांचे यजमान चिंतामणराव वकील. ते पेपरमागून म्हणत की एवढे अशील मला कोर्टात मिळाले असते तर मी टिळकवाडीत बंगला बांधला असता. बाईंना पूर्वी याचं हसू येई. आता येत नसे.

यंदा बाईंचा जीव एकाच पोरीत अडकला होता. सौम्या तिचं नाव. खानापूरकडच्या शिरगाळी गावची, रोज दोन बस बदलून कॉलेजला येणारी. बोलायला अगदी कमी. प्रयोगशाळेत बाकीच्या पोरी नाकाला रुमाल लावून उभ्या असत, तेव्हा ही खाली वाकून शांतपणे चिमट्यानं एकेक भाग मोकळा करत असे. असे हात फार थोड्यांना असतात, आणि ते वाया जाताना बाईंनी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. हिचा रँकही चांगला आला. बाईंनी तिला शेजारी बसवून सगळे पर्याय स्वतः भरले. सगळ्यात वर पशुवैद्यकीय, एकाखाली एक. हे चालेल ना गं, असं त्या अधूनमधून विचारत, आणि सौम्या म्हणे, "व्हय बाई."

पहिल्या फेरीतच जागा लागली. बिदरला.

आता बिदर म्हणजे कर्नाटकाच्या नकाशाचं अगदी वरचं टोक. इकडच्या सरकारी नोकराला बदलीची भीती घालायची झाली तर बिदरचं नाव घेतात. सौम्याचे वडील यल्लाप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होते, शिवाय गावी थोडं भातशेत. बातमी ऐकून ते खासबागेत आले आणि टोपी हातात घेऊन बसले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. तिथं आपलं कोण हाय, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मग हळूच म्हणाले की पोरीची आत्या निपाणीला असते. घर मोठं आहे, तंबाखूचा धंदा आहे. तिथं राहून बीएस्सी करील. आत्यानं तर खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय.

बाईंनी डोळे मिटून घेतले. आत्याकडं शिकायला जाणं म्हणजे काय, हे बेळगाव-खानापुरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आत्याला रविराज नावाचा मुलगा होता. मुलगा वाईट नव्हता. कामसू होता, निर्व्यसनी होता. पण भाची शिकायला म्हणून येते, दुसऱ्या वर्षापर्यंत स्वयंपाकघर तिच्याकडं येतं, आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा द्यायच्या आधी मांडव पडतो. आत्याला सून मिळते, बापाला शोधाशोध करावी लागत नाही, सगळे खूश. बाईंच्या हातून अशा किती गेल्या याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती. ठेवली असती तर कामच करवलं नसतं.

म्हणून त्यांनी कंबर कसली. फाउंड्रीची पाळी सुटली की यल्लाप्पा खासबागेत येत आणि बाई त्यांना समजावत. मुलींचं वसतिगृह कसं असतं, शिष्यवृत्ती कशी मिळते. यल्लाप्पा ऐकून घेत आणि म्हणत, खरं हाय बाई, पण लांब हाय. मग एकदा बाईंनी त्यांना विचारलं की तुमच्या गावात म्हैस अडली तर डॉक्टर कधी येतो. यल्लाप्पा म्हणाले, पुरून झाल्यावर. तिथून त्यांची गाडी वळली. पुढच्या खेपेला ते स्वतःच वसतिगृहाच्या जेवणाची चौकशी करायला लागले. फाउंड्रीत सोबत्यांना सांगून झालं की आमची सौम्या गुरांची डॉक्टर होणार, सबंध पट्ट्यात पहिली. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे की बाईंना वाटे, चला, इतक्या वर्षांच्या घसाफोडीचं एक तरी फळ पदरात पडलं. सौम्या या सगळ्या बैठकांना भिंतीला टेकून बसलेली असे. बाप तिच्याकडं बघे तेव्हा ती मान हलवी.

आणि इथं माशी शिंकली. यल्लाप्पांची आई अंबुबाई म्हणाली, कौल लावल्याबिगर पोर घराबाहेर जायची नाही.

खानापूरकडच्या गावांत कौल लावणं नवं नाही. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, जमीन घ्यायची, तर आधी ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार; डावी पडली तर डावा, म्हणजे नकार. अंबुबाईचं म्हणणं असं, की या घरात रवळनाथाला विचारल्याबिगर म्हैससुद्धा घेतली नाही, मग नातीला एवढ्या लांब कशी धाडू. यल्लाप्पांची आईपुढं बोलायची छाती नव्हती. भातलावणीची गडबड, गुरवाची सवड, असं करता करता कौलाचा दिवस ठरला तो नेमका जागा पक्की करायच्या शेवटच्या दिवशी.

वसुधाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चिंतामणराव म्हणाले, देवालाही कधीतरी सीईटीचं वेळापत्रक पाठवत जा. सकाळी उठून बाईंनी कॉलेजात रजा कळवली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि खानापूरची बस धरली. कौल डावा पडला तर तिथल्या तिथं भांडायला कुणीतरी हवं, असं त्यांच्या मनात होतं. दगडावरची पाकळी कधी पडते हे पाकळी किती ओली आहे यावर ठरतं, हे त्या दरवर्षी वर्गात केशाकर्षण शिकवताना सांगत. पण केशाकर्षणाच्या भरवशावर पोरगी सोडून द्यायची त्यांची तयारी नव्हती.

शिरगाळीचं देऊळ गावाबाहेर, शेतांच्या कडेला. चहूबाजूंनी लावणी चाललेली. गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त देवळाच्या कट्ट्यावर, त्यामुळं देवाच्या दारात पोराटोरांची कायम वर्दळ. आज मात्र कट्टा मोकळा ठेवला होता. अंबुबाई नवं लुगडं नेसून बसली होती. यल्लाप्पा पाळी बुडवून आले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. सौम्या खांबाला टेकून बसली होती. बाईंना बघून ती उठली, पाया पडली आणि परत खांबाशी जाऊन बसली.

भरमू गुरवानं पाकळ्या भिजवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, की बा देवा, पोरीला लांब धाडायचं म्हणत्यात... बाईंनी तिथंच त्याला थांबवलं. लांब म्हटलं की देव नाहीच म्हणणार, लांब कुणाला हवं असतं? त्या देवाला मानत नव्हत्या, पण प्रश्नपत्रिका काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि वाकडा प्रश्न त्यांना देवाला घातलेलाही सहन होईना. त्या म्हणाल्या, प्रश्न नीट घाला. पोरगी शिकणार हे ठरलेलं आहे. बिदरला शिकायचं की निपाणीला, एवढंच विचारा. उजवीकडं बिदर, डावीकडं निपाणी. भरमूनं अंबुबाईकडं बघितलं. अंबुबाईला ते पटलं. असा चोख प्रश्न तिनं आजवर देवाला कधी घातला नव्हता. गाऱ्हाणं नव्यानं घातलं गेलं, उजवीकडं बिदर, डावीकडं निपाणी, आणि सगळे हात जोडून बसले.

वेळ जाता जाईना. बाई मनातल्या मनात स्वतःला हसत होत्या, एमएस्सी बाई दगडाकडं टक लावून बसलीय म्हणून. पण नजर काढवत नव्हती. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. डावी थोडी सरकली तशा बाई पुढं वाकल्या. यल्लाप्पा ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते. आणि उजवी पाकळी सुटली, घसरत आली आणि देवाच्या पायाशी पडली.

अंबुबाईनं जमिनीला डोकं टेकवलं. उठली ती डोळे पुसतच, आणि नातीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. देवानं दिलं, आता तिची काही हरकत नव्हती. यल्लाप्पांना काय करू आणि काय नको झालं. त्यांनी पळत जाऊन दुकानातून साखर आणली, भरमूच्या हातावर ठेवली, बाईंच्या हातावर ठेवली, कट्ट्याखाली उभ्या असलेल्या बायकांना वाटली. निपाणीला बहिणीला फोन लावून सांगितलं, आक्का, रागावू नकोस, रवळनाथानंच बिदर म्हणून सांगितलं. त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की पलीकडची आक्का काही बोलू शकली नसावी. बाई कट्ट्यावर टेकल्या. इतके दिवस धरून ठेवलेला शीण आता अंगातून खाली उतरायला लागला. यंदाची एक वाचली, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले.

संध्याकाळी पाचपर्यंत जागा पक्की करायची होती. बाईंनी आपल्या फोनवर पोर्टल उघडलं, सौम्याचा नंबर घातला, पुढं गेल्या. ओटीपी सौम्याच्या फोनवर जाणार होता. तिच्या हातातला फोन वाजला. बाई म्हणाल्या, सांग गं आकडे. सौम्या फोनकडं बघत राहिली. रेंज गेली असेल म्हणून बाईंनी दुसऱ्यांदा पाठवला. फोन पुन्हा वाजला. सौम्यानं फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

यल्लाप्पा हसत म्हणाले, घाबरली जणू. सांग की बाळ, बाई थांबल्यात.

"बाई," सौम्या म्हणाली, "मला बिदरला जायाचं न्हाय."

बाईंच्या तोंडून, काही विचार करायच्या आतच, निघून गेलं, "मग काय निपाणीला जाणार आहेस?"

"निपाणीला बी न्हाय."

अंबुबाईला हे कळेना. देवानं उजवा दिलाय, ती म्हणाली, डावा दिला असता तर गोष्ट वेगळी. मग आता हिचं तिसरंच काय?

"देवाला तुमी समद्यांनी दोनच गावं सांगितलीसा, आज्जी," सौम्या म्हणाली. "त्यो तरी काय करंल?"

यल्लाप्पांच्या हातात साखरेचा कागद तसाच होता. ते पोरीसमोर उकिडवे बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "इतकं दिस मी बाईंच्या घरला जाऊलालतो," ते म्हणाले. "तू संगं हुतीस. व्हय व्हय म्हणून मान हलवीत हुतीस. मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी बाईंचं ऐकतासा, आप्पा. म्हणून बाईंस्नी सांगायचं हुतं मला, त्या तुमास्नी समजावतील म्हणून." तिनं बाईंकडं न बघता पुढचं सांगितलं. "लई येळा सांगायला म्हणून गेलं. दर येळी बाईच बोलत हुत्या."

वसुधाबाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यांना ती सगळी दुपार आठवायला लागली, पर्याय भरतानाची. चालेल ना गं, असं विचारून त्या उत्तराची वाट न बघता पुढच्या ओळीवर जात होत्या. आत्यानं खोली रिकामी करून ठेवली होती, त्यांनी यादी भरून ठेवली होती. फरक काय, तर आत्या निदान जेवायला घालणार होती.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्यांच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. अशी जागा पुन्हा मिळत नाही बाळ, सहा महिन्यांनी तूच माझे आभार मानशील. हे वाक्य त्यांनी दरवर्षी वापरलं होतं, आणि ते कधी वाया गेलं नव्हतं. पोरं रडत गेली, रुळली, काहींनी फोन करून आभारही मानले. ज्यांनी फोन केले नाहीत ती सुखात असतील, असं बाईंनी धरून टाकलं होतं. आता बाप तयार होता, आजी तयार होती, देवसुद्धा तयार होता. यल्लाप्पा आशेनं त्यांच्याकडंच बघत होते. बाई आता बोलतील आणि सगळं सरळ होईल. एक शब्द बोलायचा अवकाश, ही पोरगी नाही म्हणायची नव्हती. तेवढी भीड तिच्यात होती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी आपला फोन खाली ठेवला.

"देवाचं काही चुकलं नाही, अंबुबाई," त्या म्हणाल्या. "विचारणारी चुकली. दोष माझा म्हणून त्याला सांगा."

भरमू गुरव पाकळ्या गोळा करायचं निमित्त काढून आत गेला. यल्लाप्पा उठले, साखरेचा कागद दुमडला, खिशात घातला आणि कट्टा उतरून बांधापाशी पाठमोरे उभे राहिले. फाउंड्रीत उद्या सोबती विचारणार होते, कधी जाणार बिदरला. त्या माणसाला मुळात बिदर नकोच होतं. बाईंनीच इतके दिवस फुंकर घालून ती आशा पेटवली होती, आणि बाईंनीच आता तिच्यावर पाणी ओतलं. वसुधाबाईंना पोरीपेक्षाही त्याचंच वाईट वाटलं. त्यांना एवढं थकल्यासारखं झालं की उठून बस धरावी आणि पुन्हा कुणाला दार उघडू नये. पण बसला अवकाश होता, आणि पाच वाजायलाही.

"पुढच्या फेरीला थांबायचं तरी आजच कळवावं लागतं," त्या म्हणाल्या. मग सौम्याशेजारी खांबाला टेकून बसल्या. "तुला काय करायचंय?"

सौम्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं. हा प्रश्न खरा आहे की पुढच्या ओळीवर जायच्या आधीचा, ते बघत असावी. बाई गप्प बसल्या. गप्प बसणं त्यांना फार जड गेलं.

"रागावशीला," सौम्या म्हणाली.

बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"नर्सिंग करायचं हाय. बेळगावातच. येऊन-जाऊन."

बांधापाशी यल्लाप्पा वळले. एवढ्या मार्कांवर नर्सिंग? हे वाक्य वसुधाबाईंच्या ओठांपर्यंत आलं. तोंड उघडलंसुद्धा. ते त्यांनी तसंच मिटलं आणि म्हणाल्या, "बरं. पुढं सांग."